दोन जिवांची साखर

बेंगळुरूच्या एखाद्या सरकारी प्रसूती रुग्णालयात सकाळी डोकावले, तर तपासणीला आलेल्या बायकांच्या हातात पेले दिसतात. पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज ढवळलेले असते. मळमळ दाबत ते गोडमिट्ट पाणी संपवायचे, दोन तास बाकावर बसून काढायचे आणि मग रक्त द्यायचे. बाकावरची कन्नड शेजारीण ‘सक्करे कायिले’बद्दल विचारते, बेळगावकडून आलेली मराठी सून साखरेच्या आजाराबद्दल. शब्द वेगळे, शंका एकच. घरात कुणाला मधुमेह नाही, मला काही त्रास नाही, मग ही तपासणी माझ्या मागे का?

तिच्या शंकेचे खरे उत्तर असे, की ठणठणीत गर्भारपणातही इन्सुलिनचा शब्द शरीरात पूर्वीसारखा चालत नाही. पेशी त्याला कमी दाद देतात. शास्त्रात याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात आणि गर्भारपणात तो आजार नसून नेहमीची रचना असते. ही रचना घडवते कोण, यावर साठ वर्षे खल चालू आहे. आधी सगळा रोख वारेच्या संप्रेरकांवर होता. गेल्या तीस वर्षांत रोगप्रतिकारक यंत्रणेची निरोप्या प्रथिने, म्हणजे सायटोकाइन, या चर्चेत येऊन बसली. त्यांचा वाटा किती, पुरावा किती भक्कम आणि आपल्याकडच्या बायकांना तो कितपत लागू पडतो, याचा हा आढावा.

ढिलाईमागचा हिशेब

पोटातल्या बाळाचे मुख्य इंधन ग्लुकोज. ते आईच्या रक्तातून वारेवाटे बाळाकडे उतारावरच्या पाण्यासारखे जाते : आईकडे जास्त, बाळाकडे कमी. आईचे इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. जेवणानंतर आईच्या स्नायूंनी साखर झटपट उचलली, तर बाळाकडे वाहायला उतार उरत नाही. म्हणून गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईचे स्नायू साखर सावकाश उचलतात, आईचे शरीर चरबी जास्त जाळते आणि साखर बाळासाठी राखून ठेवते. उपाशी राहिले, तर गर्भार बाईचे शरीर इतरांपेक्षा लवकर चरबीवर येते. नॉर्बर्ट फ्रिंकेल यांनी १९८०च्या आपल्या बँटिंग व्याख्यानात आई आणि बाळ यांच्यातल्या याच देवघेवीची सविस्तर मांडणी केली.

हे मोजतात कसे? त्यासाठीची सर्वांत विश्वासार्ह पद्धत ‘क्लॅम्प’ या नावाने ओळखली जाते. शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडायचे आणि रक्तातली साखर एका पातळीवर राहावी म्हणून दुसऱ्या शिरेतून ग्लुकोज देत राहायचे. बेंगळुरूकराला टँकरच्या भाषेत सांगता येईल. सोसायटीची टाकी एका खुणेवर ठेवायला जितके पाणी ओतावे लागते, तितके घराघरांतून ओढले जात आहे. जास्त ग्लुकोज ओतावे लागले, तर पेशी इन्सुलिनचे ऐकत आहेत. थोडक्यात भागले, तर त्या ऐकत नाहीत.

अमेरिकेत पॅट्रिक कॅटलानो आणि सहकाऱ्यांनी गर्भधारणेआधीपासून बायकांवर असे क्लॅम्प करून पाहिले. गर्भधारणेपूर्वीच्या तुलनेत शेवटच्या महिन्यांत इन्सुलिन-संवेदनशीलता ५० ते ६० टक्क्यांनी घटते, हे त्यातून स्पष्ट झाले. यकृतातून बाहेर पडणारी साखर ३० टक्क्यांच्या आसपास वाढते. निरोगी बाईचे स्वादुपिंड या ढिलाईला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओतून पुरे पडते, आणि रक्तातली साखर जागच्या जागी राहते. ज्यांचे स्वादुपिंड इतके ओतू शकत नाही, त्यांना गर्भकालीन मधुमेह होतो. म्हणजे ढिलाई दोघींतही असते. फरक पडतो तो भरपाईत. पुढचा सगळा वाद समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

पहिला संशयित : वार

वार पडली की काही दिवसांतच इन्सुलिनचा शब्द पुन्हा चालू लागतो. गर्भारपणात इन्सुलिनची इंजेक्शने घेणाऱ्या कित्येक बायकांची सुई बाळंतपणानंतर लगेच थांबते. चोर कोणत्या घरात राहतो, हे सांगायला एवढा पुरावा पुरेसा होता. १९६२मध्ये वारेतले लॅक्टोजेन हे संप्रेरक सापडले. ते चरबी वितळवते, रक्तात मेदाम्ले वाढवते आणि स्नायूंचा साखरेकडचा ओढा कमी करते. पुढे वारेच्या स्वतंत्र वाढ-संप्रेरकावर प्रयोग झाले. हे मानवी संप्रेरक भरपूर बनवणारे उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यात तीव्र इन्सुलिन-प्रतिरोध दिसला. लिंडा बार्बर आणि सहकाऱ्यांच्या या कामातून असे दिसले, की हे संप्रेरक स्नायूंत पी-८५-अल्फा नावाचे प्रथिन वाढवते आणि इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पुढे जाण्याआधीच अडतो.

गोष्ट इथे संपली असती. पण वार ही केवळ संप्रेरकांची गिरणी नाही. तिच्यात रोगप्रतिकारक पेशी आहेत आणि तीही निरोप्या प्रथिने सोडते.

दुसरा संशयित : टीएनएफ

सायटोकाइन ही पांढऱ्या पेशींची आपसातली बोली. संसर्ग झाला की त्या याच बोलीतून हाका देतात, सूज आणतात आणि काम झाल्यावर आवरते घेतात. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१० ही त्यातली परिचित नावे. पैकी पहिली दोन सूज वाढवण्यासाठी ओळखली जातात, तिसरे ती उतरवते. इंटरल्यूकिन-६ मात्र एका खान्यात बसत नाही. व्यायाम करताना स्नायूच ते रक्तात सोडतात, आणि तेव्हा त्याचे काम निराळे असते.

या बोलीचा साखरेशी संबंध असल्याचे १९९३मध्ये ठळकपणे पुढे आले. ग्योखान होतामिश्लिगिल आणि सहकाऱ्यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ वाढलेले आढळले. त्याला निष्प्रभ केले की इन्सुलिनचे काम सुधारत होते. यामागची यंत्रणा त्यांनी तीनेक वर्षांत दाखवली. इन्सुलिन पेशीच्या दारावर आले की आत आयआरएस-१ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का बसतो. तो टायरोसीनच्या रकान्यात बसला तर फाइल पुढे सरकते. टीएनएफच्या प्रभावाखाली तो सेरीनच्या भलत्याच रकान्यात बसतो आणि फाइल टेबलावरच पडून राहते. इन्सुलिन रक्तात भरपूर असते, पण साखरेला आत घेण्याचा हुकूम निघत नाही.

गर्भारपणात हेच घडते का, हे तपासणारा सर्वांत गाजलेला अभ्यास २००२चा. जॉन किरवान, सिल्वी होगेल-द मुझाँ, कॅटलानो आणि सहकाऱ्यांनी १५ बायकांवर गर्भधारणेआधी, सुरुवातीच्या आठवड्यांत आणि अखेरीस क्लॅम्प केले. त्यांतल्या १० जणींची साखर गर्भारपणातही सामान्य होती, ५ जणींना गर्भकालीन मधुमेह होता. लॅक्टोजेन, कॉर्टिसॉल, प्रोजेस्टेरॉन असे सगळे जुने संशयितही मोजले. इन्सुलिन-संवेदनशीलतेतल्या बदलाशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते टीएनएफचे, शरीरातली चरबी हिशेबात धरल्यावरसुद्धा. जोडीला त्यांनी प्रसूतीनंतरच्या वारांवर प्रयोग केला. वारेने सोडलेल्या टीएनएफपैकी ९४ टक्के आईच्या बाजूला गेले, बाळाकडे अवघे ६ टक्के. बाळाला झळ न लावता आईच्या स्नायूंना ‘थोडे सबुरीने’ असे सांगायला वारेने हीच बोली वापरावी, ही कल्पना मोहात पाडणारी होती. पाठ्यपुस्तकांत ती लवकर शिरली.

अर्धे सासरचे

ही कल्पना पटायला आणखी एक पार्श्वभूमी होती. गर्भातली निम्मी जनुके सासरची. परक्या मूत्रपिंडाला शरीर काही दिवसांत हाकलते, मग अर्धवट परक्या गर्भाला नऊ महिने कसे सांभाळते, असा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३मध्ये मांडला होता. त्यातून बराच काळ अशी समजूत रुजली, की गर्भार बाईची प्रतिकारशक्ती झोपवलेली असते. संधिवाताच्या रुग्ण बायकांना गर्भारपणात आराम पडतो, हे फिलिप हेंच यांनी १९३८मध्येच नोंदवले होते; ते या समजुतीला पूरक वाटले.

१९९८मध्ये ऑक्सफर्डच्या गॅव्हिन सॅक्स, ख्रिस रेडमन आणि सहकाऱ्यांनी या समजुतीला धक्का दिला. निरोगी गर्भवतींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांनी तपासल्या, तर त्या झोपलेल्या नव्हत्याच. त्यांच्यातले काही बदल गंभीर जंतुसंसर्गातल्या बदलांच्या जातीचे होते. पुढे गिल मोर यांनी तीन टप्प्यांचे चित्र मांडले. गर्भ रुजताना सूज, मधल्या काळात शांतता, प्रसूतीच्या तोंडावर पुन्हा सूज. २०१७मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रक्तातल्या प्रतिकारक पेशींच्या बदलांवरून गर्भारपणाचा काळ ओळखता येतो हे दाखवले आणि त्याला ‘प्रतिकारशक्तीचे घड्याळ’ म्हटले.

आता प्रतिकारशक्तीचे आणि इन्सुलिनचे अशी दोन घड्याळे शेजारी ठेवून पाहा. इन्सुलिनची ढिलाई चौथ्या-पाचव्या महिन्यापासून चढत जाते आणि अखेरीस कळस गाठते. मोर यांच्या चित्रात चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचे महिने शांततेचे आहेत. पहिल्या तिमाहीत गर्भाशयात सूज असते, पण तेव्हा इन्सुलिनचे काम बहुतेकींत जवळपास पूर्वीसारखेच चालते. म्हणजे दोन्ही काटे शेवटी एकत्र येतात. वाटेत त्यांची चाल जुळत नाही. मोर यांचे चित्र मुख्यतः गर्भाशयातले आहे आणि क्लॅम्प संपूर्ण शरीराचे, हे मान्य केले तरी ‘सूज वाढली म्हणून इन्सुलिन ढिलावले’ हे एका ओळीचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

पुराव्यातल्या भेगा

टीएनएफ हे करू शकते, यात वाद नाही. निरोगी पुरुषांना शिरेतून टीएनएफ दिले, तर त्यांच्या स्नायूंचे साखर उचलणे घटते, हे २००५मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवले. पण ‘करू शकते’ आणि ‘करते’ यांत अंतर आहे. १९९६च्या एका अभ्यासात लठ्ठ मधुमेहींना टीएनएफ रोखणारे प्रतिपिंड दिले. त्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारली नाही. संधिवाताच्या रुग्णांत अशी औषधे दीर्घकाळ घेतल्यावर काही सुधारणा आढळते खरी, पण त्यांच्या शरीरात मुळातच सुजेचा डोंब असतो. निरोगी गर्भवतीचे तसे नसते.

दुसरी भेग चरबीची. टोरांटोच्या रवी रत्नाकरन यांनी २००३मध्ये सीआरपी या सूजदर्शक प्रथिनाचा गर्भकालीन मधुमेहाशी संबंध तपासला. सीआरपीचे खरे नाते गर्भधारणेपूर्वीच्या लठ्ठपणाशी निघाले, मधुमेहाशी नव्हे. चरबीच्या पेशी स्वतः सायटोकाइन सोडतात, लेप्टिन वाढवतात आणि इन्सुलिनला साथ देणारे ॲडिपोनेक्टिन कमी करतात. त्यामुळे रक्तात टीएनएफ वाढलेले दिसले, तर ते वारेतून आले, चरबीतून आले, की चरबी वाढल्याची ती नुसती खूण आहे, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. भर म्हणजे सायटोकाइन पेशींच्या शेजारीपाजारीच काम करतात. रक्तात सापडते ती बंद खोलीतल्या बोलण्याची दाराबाहेर ऐकू येणारी कुजबुज.

तिसरी भेग गटांची. बरेच अभ्यास गर्भकालीन मधुमेह झालेल्या आणि न झालेल्या बायकांची तुलना करतात. अशा अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात, की मधुमेह झालेल्या गटात टीएनएफ आणि लेप्टिन जास्त, ॲडिपोनेक्टिन कमी. पण ही तुलना आजाराबद्दल सांगते, निरोगी ढिलाईबद्दल नव्हे. निरोगी बाईला गर्भधारणेआधी गाठून तिच्यावर पुन्हा पुन्हा क्लॅम्प करणे खर्चाचे आणि तिलाही कष्टाचे. म्हणून अशा अभ्यासांत संख्या लहान राहतात. निरोगी गर्भारपणाबद्दलचे इतके गाजलेले विधान दहा निरोगी बायकांच्या मोजमापावर उभे आहे, हे ते उद्धृत करताना सहसा सांगितले जात नाही.

पुणे, म्हैसूर, मुंबई, बेंगळुरू

आपल्याकडे हा प्रश्न आणखी गुंततो, कारण आपल्या शरीराची घडणच निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लान्सेट’मध्ये छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडसडीत आणि आत चरबीने भरलेला, असा हा भारतीय देह. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून केलेल्या अभ्यासात तो जन्मापासूनच तसा असल्याचे दिसले. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंत आणि आतल्या अवयवांत बरीच मागे होती, चरबीत मात्र फारशी नाहीत.

युडकिन आणि याज्ञिक यांनीच १९९९मध्ये या लेखाच्या विषयाला थेट भिडणारी गोष्ट मांडली होती. सूज वाढवणारे सायटोकाइन आणि लेप्टिन शहरी भारतीयांत वाढलेले आढळले, ग्रामीण भारतीयांत नाही. अभ्यास गर्भवतींचा नव्हता. पण शहरात आलेली बाई गर्भार होण्याआधीच तिच्या रक्तात ही कुजबुज चालू असू शकते, हे त्यातून सुचते. अशा बाईत वारेच्या टीएनएफला किती दोष द्यायचा, हा प्रश्न अमेरिकेतल्या क्लॅम्प-अभ्यासांतून सुटणारा नाही.

शिवाय आपल्याकडे ढिलाईच्या वाटा सुजेतूनच जातात असे नाही. बेंगळुरूहून तीनेक तासांच्या म्हैसुरात होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७-९८ साली पार्थेनॉन अभ्यास सुरू झाला. त्यात ६.२ टक्के गर्भवतींना गर्भकालीन मधुमेह आढळला. ४३ टक्के बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी, त्यांच्यात चरबी आणि इन्सुलिन-प्रतिरोध जास्त. पुण्याच्या अभ्यासात दोन-तृतीयांश मातांत ब-१२ कमी होते. ज्या आयांत फोलेट जास्त पण ब-१२ कमी, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली.

मुंबईच्या वस्त्यांत झालेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळे, दूध. दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. मूळ उद्देश बाळाचे वजन वाढवण्याचा होता. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात ७.३ टक्के बायकांना गर्भकालीन मधुमेह झाला, दुसऱ्यात १२.४ टक्के. यात सायटोकाइनचा हात होता का, हे या आकड्यांतून कळत नाही. पण हस्तक्षेप गर्भधारणेआधी सुरू झाला आणि तो रोजच्या खाण्यातला होता, हे महत्त्वाचे.

बेंगळुरूत काय चालले आहे? डॉ. गिरिधर बाबू आणि सहकाऱ्यांनी इथल्या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गर्भवतींवर ‘मास्ती’ हा दीर्घकालीन अभ्यास उभा केला. आईच्या साखरेचा बाळाच्या त्वचेखालच्या चरबीशी कसा संबंध आहे, हे त्यात पाहिले जाते. सेंट जॉन्स या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी कॅल्शियमच्या मात्रेवरच्या चाचणीसाठी याच शहरात ११,००० पहिलटकरणींचा गट गोळा केला आणि २०२४मध्ये निष्कर्ष जगापुढे ठेवले. इतक्या बायकांना विश्वासात घेऊन शेवटपर्यंत सोबत ठेवणारे शहर सायटोकाइनचा प्रश्नही सोडवू शकते. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. पहिली, लग्न झालेल्या किंवा मूल हवे असलेल्या निरोगी बायकांना गर्भधारणेआधी गाठणे. दुसरी, सायटोकाइनबरोबर चरबी, ब-१२ आणि वारेची संप्रेरके एकाच बाईत, एकाच दिवशी मोजणे. याखेरीज कुणाचा वाटा किती, हे ठरणार नाही.

निवाडा

उपलब्ध पुरावा एकत्र ठेवला, तर माझे मत असे बनते. निरोगी गर्भारपणातल्या ढिलाईचा पाया वारेची संप्रेरके आणि आईची चरबी घालतात. सायटोकाइन त्या ढिलाईचे प्रमाण कमी-जास्त करतात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत आणि मुळात चरबी जास्त असलेल्या बायकांत. टीएनएफ साक्षीदार आहे आणि बहुधा भागीदारही. सूत्रधार म्हणावे इतका पुरावा त्याच्याविरुद्ध नाही.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. गर्भारपणातल्या साखरेसाठी सीआरपी किंवा इंटरल्यूकिनची महागडी तपासणी करून घेण्याची गरज नाही. सूज उतरवणारी गोळी हा या साखरेवरचा मान्य उपचार नाही. आहार, चालणे आणि लागले तर डॉक्टरांनी दिलेले औषध किंवा इन्सुलिन, एवढेच मान्य आहे. तपासणी हवी ती त्या गोडमिट्ट पाण्याचीच. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवलेली आणि केंद्र सरकारने स्वीकारलेली पद्धत सोपी आहे : बाई उपाशी असो वा जेवलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दोन तासांनी रक्त. साखर १४० किंवा अधिक निघाली तर गर्भकालीन मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा सामान्य आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

आणि ज्यांना तो मधुमेह झाला, त्यांच्यासाठी शेवटची तपासणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी. हीच आपल्याकडे सर्वांत जास्त चुकते. नाव बेंगळुरूत नोंदवलेले, बाळंतपण माहेरी कोल्हापुरात किंवा बेळगावात, फाइल कपाटात. वार पडली, सुई थांबली, घरच्यांना वाटते सुटलो. पण गर्भारपणात जे स्वादुपिंड पुरे पडले नाही, त्याला पुढे मधुमेहाचा धोका राहतोच. बाळाला सहाव्या आठवड्यात लस द्यायला कुणी विसरत नाही. त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात, बाळाच्या आईचीही साखर तपासून घ्या.